घरच्या लेथची जोडसाधने आणि त्यांची सफाई

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हौशी लेथकामावर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून तो हत्याराने कापणाऱ्या यंत्राच्या कामावर, प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. लहान लेथसाठी लागणारी जोडसाधने घरच्या घरी कशी बनवावीत यावर मराठीत सविस्तर लिहिणारे फार थोडे आहेत, त्यामुळे लेखाचे मनापासून स्वागत आहे. कॅरेज स्टॉप (टूल, म्हणजे कापणारे हत्यार, घेऊन सरकणारे कॅरेज ठरल्या जागी थांबवणारा ठोकळा), टेलस्टॉकमध्ये (यंत्राच्या उजव्या टोकाच्या सरकत्या आधारात) बसणारा डाय होल्डर (आटे पाडणारी डाय धरणारे साधन), टी-नट (खाचेत बसणारा टी आकाराचा नट), क्रॉस स्लाइडचे (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाचे) मोठे अंशांकित कडे, ही लेखकाने केलेली निवडही नेमकी आहे. नव्या माणसाने यांतूनच सुरुवात करावी. मात्र शेवटच्या परिच्छेदातील दोन विधाने मला खटकली. साधन बनवून झाल्यावर सवड असेल तर ते घासून चकचकीत करावे, ती निव्वळ हौसेची बाब आहे, असे एक विधान आहे. ही चकाकी आणण्यासाठी फिरत्या जॉबभोवती (यंत्रात धरलेल्या तुकड्याभोवती) एमरीचे, म्हणजे घासणाऱ्या कणांचे, कापड गुंडाळून हातात धरावे, असे दुसरे. यांतले पहिले अपुरे आहे आणि दुसरे सरळसरळ धोक्याचे आहे.

धोक्याचे आधी सांगतो. एमरीचे कापड फिरत्या जॉबभोवती गुंडाळले आणि त्याचा एक पदर दुसऱ्यावर आला, की जॉब त्याला ओढून घेतो, पदरावर पदर आवळला जातो आणि कापड हातातून निसटण्याऐवजी बोटांनाच घेऊन चकाकडे (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाकडे) जाते. हे इतक्या झटकन घडते की कापड सोडून देण्याचा विचारही मनात यायला सवड मिळत नाही. घरच्या लेथची मोटर लहान, म्हणून धोकाही लहान, असे कोणी समजू नये. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची असली तरी तिच्या जोडीला चक आणि स्पिंडल (चक फिरवणारा आस) यांचे फिरते वजन असते आणि बोट मोडायला तेवढे पुरते. एमरी वापरायचीच तर ती सपाट लाकडी पट्टीवर चिकटवावी, ती पट्टी कानशीसारखी दोन्ही हातांत धरावी आणि जॉबवर वरून अलगद टेकवावी. कानस किंवा पट्टी यांची मूठ डाव्या हातात आणि टोक उजव्या हातात ठेवले, म्हणजे डावा हात फिरत्या चकवरून पलीकडे न्यावा लागत नाही. सवय होईपर्यंत हे अवघडल्यासारखे वाटते, पण सवय करून घेण्याला पर्याय नाही. कानशीला लाकडी मूठ असलीच पाहिजे, कारण जॉबने किंवा चकच्या जॉने (पकडणाऱ्या जबड्याने) कानस मागे फेकली तर तिचे उघडे टोक तळहातात घुसते. हातमोजे, लांब बाह्या आणि अंगठ्या यांना लेथजवळ जागा नाही, आणि काम पुसायचे फडके तर यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय हातात घेऊच नये.

या घासकामाचा आणखी एक उपद्रव लेखात आलेला नाही. एमरीचे कण बेडवरच्या (कॅरेज ज्यावरून सरकते त्या पायावरच्या) तेलात मिसळले की त्यांची घासणारी लुगदी तयार होते आणि कॅरेज प्रत्येक फेरीला ती बेडवर रगडत राहते. ज्या यंत्राची अचूकता वाढावी म्हणून साधने बनवायची, त्याच यंत्राचा बेड त्या साधनांच्या चकाकीपायी झिजवायचा, हा उफराटा व्यवहार झाला. घासण्यापूर्वी बेडवर कागद अंथरावा आणि काम झाल्यावर बेड स्वच्छ पुसून त्याला पुन्हा ताजे तेल द्यावे.

आता पहिल्या विधानाकडे वळतो. कामाची सफाई हा शेवटी उरलेल्या वेळात फिरवायचा हात आहे, ही समजूत मला मान्य नाही. साधनाच्या कोणत्या पृष्ठभागाने काय करायचे आहे हे आराखडा काढतानाच ठरत असते आणि सफाईही तिथेच ठरली पाहिजे. काही पृष्ठभाग दुसऱ्या भागावर बसतात किंवा सरकतात, तिथे माप आणि भूमिती यांनाच किंमत आहे. काही पृष्ठभाग हाताने धरायचे असतात, काही डोळ्यांनी वाचायचे असतात, आणि पुष्कळसे यांपैकी काहीच करत नाहीत. त्या शेवटच्या प्रकाराला करवतीची खूण राहिली तरी बिघडत नाही. उलट हौशी कारागीर नेमके तेच आरशासारखे करण्यात संध्याकाळ घालवतो आणि टी-नटच्या खांद्यांवरची बर (कापताना कडेला उठलेला धातू) मात्र तशीच सोडून देतो.

लेथवर चांगला पृष्ठभाग मिळतो तो प्रामुख्याने टूलमुळे. गोल नाकाच्या (टोकाच्या) टूलने टर्निंग करताना, म्हणजे फिरता जॉब बाहेरून कापताना, उरणाऱ्या रेषांची उंची साध्या हिशेबाने काढता येते: एका फेऱ्यातील फीडचा (टूल जितके पुढे सरकते त्या अंतराचा) वर्ग भागिले टूलच्या नाकाच्या त्रिज्येची आठपट. नाकाची त्रिज्या ०.४ मिलिमीटर आणि फीड ०.२ मिलिमीटर असेल, तर ही उंची सुमारे साडेबारा मायक्रॉन येते. फीड निम्मे, म्हणजे ०.१ मिलिमीटर केले, की ती एकदम तीन मायक्रॉनच्या आसपास उतरते. फीड निम्मे केल्याने उंची चौथाई होते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की एमरीकडे जाणारा हात आपोआप आखडतो. अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. टूलची धार बोथट असेल, टूल सेंटरच्या (जॉबच्या मध्याच्या) उंचीवर नसेल, किंवा साध्या नरम पोलादाचे कण टूलच्या धारेवर चिकटून बसत असतील, तर पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो आणि त्यावर कितीही घासले तरी खड्डे तळाशी राहतातच. हायस्पीड स्टीलच्या टूलची धार तेलाच्या दगडावर नीट लावावी, त्याच दगडावर नाकाला गोलाई द्यावी आणि शेवटची काप घेताना तेल लावावे. नरम पोलादासाठी मिनिटाला २५ ते ३० मीटर हा कापण्याचा वेग ठीक असतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला तो मिनिटाला साधारण ३२० ते ३८० फेऱ्यांच्या घरात जातो. मिळत असेल तर साधने बनवायला सहज कापले जाणारे, शिसे मिसळलेले पोलाद घ्यावे, म्हणजे निम्मे कष्ट वाचतात.

जे भाग एकमेकांवर बसायचे आहेत त्यांना तर एमरी लावूच नये असे माझे मत आहे, आणि पितळ किंवा ब्राँझच्या बुशच्या (दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) बाबतीत ते मी आग्रहाने मांडतो. मऊ धातूवर एमरी फिरवली की तिचे कण त्यात रुतून बसतात. पुसून, धुऊनही ते सगळे निघत नाहीत आणि मग ती बुश तिच्यात फिरणाऱ्या पोलादी दांड्याला रोज थोडी थोडी खात राहते. गंमत अशी की झिजतो तो कठीण दांडा, आणि दोष मात्र पोलादाच्या प्रतीवर ढकलला जातो.

टेलस्टॉकमध्ये बसणाऱ्या मॉर्स टेपरचेही (प्रमाणित मापाच्या निमुळत्या दांड्याचेही) तसेच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या मॉर्स टेपरचा उतार साधारण विसास एक असतो, म्हणजे कंपाउंड स्लाइड (टूल तिरके सरकवणारा भाग) सुमारे १ अंश २६ मिनिटांवर लावावी लागते. स्लाइडच्या बुडाशी कोरलेल्या अंशांच्या खुणांवर एवढा बारीक कोन लागत नाही, म्हणून खात्रीचा तयार टेपर दोन सेंटरांमध्ये धरून त्यावर डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापक) फिरवावे आणि काटा पूर्ण लांबीत हलणार नाही अशी स्लाइड बसवावी. टेपर कापून झाल्यावर त्यावर निळ्या शाईचा अगदी पातळ हात देऊन तो स्लीव्हमध्ये (तशाच उताराच्या पोकळ नळीत) हलकेच फिरवून बाहेर काढला, की शाई कुठे पुसली गेली त्यावरून तो कुठे टेकतो ते दिसते. इथपर्यंत बहुतेक जण नीट करतात. त्यानंतर टेपर सुंदर दिसावा म्हणून त्यावर एमरी फिरवली जाते, दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा जास्त घासली जातात आणि सरळ टेपर पिंपासारखा फुगीर होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ड्रिल करताना टेलस्टॉकमध्ये गिरकी घेऊ लागतो आणि टेलस्टॉकच्या भोकावर चरे पाडतो. टूलच्या बारीक रेषा असलेला पण पूर्ण लांबीत टेकणारा टेपर हजार पटींनी बरा.

लेखात डाय होल्डरचे वर्णन आले आहे. त्यात सफाईचा क्रम कसा लागतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. या साधनात टेपरच्या पुढे एक सरळ, गोल दांडा असतो आणि त्यावर मागेपुढे सरकणारी जाड स्लीव्ह असते. स्लीव्हच्या तोंडाशी डाय बसते. आटे पडू लागले की डाय स्वतःच जॉबवर पुढे चढत जाते आणि स्लीव्ह तिच्याबरोबर सरकते, त्यामुळे टेलस्टॉक ओढत न्यावा लागत नाही आणि आटे वाकडे पडत नाहीत. स्लीव्ह हाताने धरायची असल्यामुळे तिला बाहेरून नर्लिंग (दात्यांची चाके दाबून उठवलेली, हिऱ्यांच्या आकाराची खरखरीत नक्षी) हवे. नर्लिंगच्या चाकांचा दाब मोठा असतो आणि त्या दाबाने चकमधला जॉब किंचित हलू शकतो, म्हणून नर्लिंग आधी करावे आणि आतले भोक नंतर बोअर करावे, म्हणजे टूलने आतून कापावे. आधी भोक साधून मग नर्लिंग करणारा माणूस आपलेच काम आपल्या हाताने वाकडे करतो. नर्लिंगने व्यासही वाढतो, तेव्हा बाहेरचे माप नेमके हवे असेल तर तेवढी सूट आधीच ठेवावी. वेग कमी ठेवावा, तेल भरपूर द्यावे आणि मधूनमधून यंत्र थांबवून ब्रशने कण झाडावेत, नाहीतर तेच कण पुन्हा चाकाखाली जाऊन चेपले जातात आणि टोकदार हिऱ्यांऐवजी खरजेसारखा खरखरीतपणा उरतो. नर्लिंगच्या दोन्ही कडांना चॅम्फर (तिरका उतार) मारल्यावर हिऱ्यांच्या टोकांवरून बारीक कानस एकदाच हलकी फिरवावी. धरायला पकड राहते आणि हातही सोलत नाही.

आतले भोक आणि डाय बसायची खोबण ही दोन्ही एकाच सेटिंगमध्ये बोअर करावीत, कारण जॉब एकदा चकमधून काढून उलटा धरला की दोन्हींचा मध्य जुळेलच याची हमी तीन जॉचा चक देत नाही. एम ५ आणि एम ६ च्या (५ आणि ६ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या) गोल डाय २० मिलिमीटर व्यासाच्या आणि ७ मिलिमीटर जाडीच्या असतात, एम ८ ची २५ बाय ९ आणि एम १० ची ३० बाय ११; तेव्हा प्रत्येक मापासाठी वेगळी स्लीव्ह करावी आणि दांडा एकच ठेवावा. खोबणीच्या तळाशी, जिथे भिंत आणि तळ मिळतात तिथे, बोअरिंग टूलच्या नाकाची गोलाई उरते. डायची कड त्या गोलाईवर चढली तर डाय तळाला सपाट टेकत नाही आणि आटे तिरके सुरू होतात. त्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची बारीक खाच आत घ्यावी. ही खाच साधन जोडल्यावर कोणालाच दिसत नाही, पण माझ्या मते संपूर्ण डाय होल्डरमधली हीच सर्वांत महत्त्वाची सफाई आहे. डायच्या मागे आडवे भोक ठेवले तर कण बाहेर पडायला वाट मिळते. त्या भोकाच्या आतल्या कडेवर उठलेली बर मात्र आठवणीने काढावी, कारण ती दांड्यावर चरा ओढते. डायच्या फटीत बसणारा मधला टोकदार स्क्रू डाय उघडतो आणि बाजूचे दोन तिला आवळतात. हे तिन्ही ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू आवळल्यावर स्लीव्हच्या पृष्ठभागाच्या खालीच राहतील एवढ्या लांबीचे निवडावेत, कारण तीच स्लीव्ह मुठीत धरायची आहे. आणि आटे पाडताना चक हाताने फिरवावा किंवा वेग अगदी कमी ठेवावा. खांद्यापर्यंत (जॉबचा व्यास जिथे एकदम वाढतो तिथपर्यंत) आटे पाडायचे असतील तर हातानेच.

कॅरेज स्टॉपबद्दल फार लिहीत नाही. बेडला चिकटणारा त्याचा भाग पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठेवावा, म्हणजे आवळताना बेडची कड दुखावणार नाही. कॅरेज जिथे टेकते त्या बटणाच्या खालच्या कडेला ठसठशीत चॅम्फर द्यावा, म्हणजे कण तिथे अडकून बसत नाही. ०.१ मिलिमीटरचा एक कण मध्ये आला की स्टॉपचा सारा उपयोगच ०.१ मिलिमीटरने फसतो. ऑटो फीड चालू ठेवून कॅरेज स्थिर स्टॉपवर नेऊन आदळू नये, एवढे लेखात असायला हवे होते.

टी-नट हे सगळ्यांत साधे साधन, आणि बेफिकिरीने केल्यास सगळ्यांत महागात पडणारेही तेच. त्याच्या वरच्या खांद्यांवर बर राहिली तर ताण त्या बरच्या एका टोकावर येतो. आटे आरपार पाडले तर स्टड (नटमध्ये बसणारा आट्यांचा दांडा) नटमधून खाली उतरून खाचेच्या तळावर टेकतो आणि आवळताना नटला जॅकसारखा वर उचलू लागतो. क्रॉस स्लाइड बिडाची असते आणि बीड ताणाला कच्चे, त्यामुळे खाचेचे ओठ तुटतात. टॅप (आतले आटे पाडणारे हत्यार) पूर्ण खाली जाऊ न देता शेवटचे एक-दोन आटे अपुरे ठेवावेत, किंवा खालच्या बाजूने सेंटर पंचाने आटे दाबून टाकावेत, म्हणजे स्टड पुढे जात नाही. आणि टी-नटसाठी ब्राइट बार घेतला असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: थंड ओढलेल्या बारच्या कातडीत ताण कोंडलेला असतो आणि एकाच बाजूने धातू काढला की लांब तुकडा केळ्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढत जावे.

अंशांकित कड्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथे डोळ्यांसाठीची सफाई आणि यंत्राची अचूकता एकाच जागी येतात. लहान लेथवर मूळचे कडे बहुधा चिमुकले असते. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूची पिच (एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर) २ मिलिमीटर आणि कड्यावर १०० भाग असतील, तर एक भाग ०.०२ मिलिमीटरचा, आणि व्यासात मोजला तर ०.०४ चा. कड्याचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर दोन रेषांमधले अंतर जेमतेम ०.७९ मिलिमीटर येते. तोच व्यास ५० केला तर ते १.५७ होते आणि रेषेच्या मधोमधचा अंदाजही चष्म्याशिवाय घेता येतो. कडे मोठे करण्याचे कारण एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

रेषा कोरण्यासाठी लेथ चालू करायचा नसतो. टोकदार टूल आडवे धरून सेंटरच्या उंचीवर लावायचे, स्पिंडल अडकवून ठेवायचा आणि कॅरेज हाताने पुढे नेत एकेक रेषा ओढायची. भाग मोजण्यासाठी चेंज गिअरचे (लेथचे बदलता येणारे दातेरी) चक्र स्पिंडलला जोडावे. १०० दात्यांचे असेल तर प्रश्नच नाही. ५० दात्यांचे असेल तर प्रत्येक दात्याच्या खाचेत एक खुंटा अडकवून ५० रेषा ओढाव्यात, आणि मग अर्धा दाता पुढे बसवलेल्या दुसऱ्या खुंट्याने उरलेल्या ५०. खुंट्याचे टोक उतरते घडवावे, म्हणजे ते दात्यांमधली जागा पूर्ण भरते. चक्र दर वेळी एकाच दिशेने फिरवून खुंट्यावर आणावे, म्हणजे ढिलाईचा दोष रेषांत उतरत नाही. साध्या रेषा ३, पाचाच्या साडेचार आणि दहाच्या ६ मिलिमीटर लांबीच्या केल्या की नजर सहज पोचते. लांबी डोळ्यांनी ठरवू नये. कॅरेज स्टॉप असतो तो याचसाठी. त्याच्यासमोर जाडी मापून घेतलेल्या दोन पट्ट्या ठेवल्या की तिन्ही लांब्या हुकमी येतात. रेषांच्या टोकांची ओळ सरळ आली नाही तर रेषा कितीही बारीक असोत, कडे घरगुती आहे हे पहिल्या नजरेत कळते.

आकडे ठोकण्यासाठी पंच हातात धरून नशिबावर हवाला ठेवू नये. पंच घट्ट सरकेल अशा चौकोनी भोकाचा ठोकळा करावा आणि तो टूलपोस्टमध्ये (टूल धरणाऱ्या भागात) बांधावा. मग प्रत्येक आकडा सारख्याच उंचीवर आणि सरळ उमटतो. ठोका एकदाच मारावा. दुसऱ्या ठोक्याला पंच केसभर सरकतो आणि आकड्याला सावली पडते. आकडे ठोकताना आणि रेषा ओढताना त्यांच्या कडांना धातू वर उठतो, म्हणून कड्याचा बाहेरचा व्यास सुरुवातीला मुद्दाम ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर जास्त ठेवावा, आणि सगळे कोरून झाल्यावर ताज्या धारेच्या टूलने ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरची हलकी काप घ्यावी. उठलेला धातू निघून जातो आणि रेषांच्या कडा पात्यासारख्या स्वच्छ दिसतात. हेच काम एमरीने करायला गेलात तर कडा गोलावतात आणि रेषा धूसर होतात. मग रेषांत काळा रंग भरून तो अर्धवट सुकू द्यावा आणि सपाट पट्टीवर ताणलेल्या कागदाने रेषांना तिरके पुसून वरचा रंग काढावा. फडक्याने पुसले तर फडके रेषेत शिरून आतला रंगही उचलते.

आणि हे कडे चकचकीत करू नये. गोल चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची एक उभी तिरीप पडते आणि ती नेमकी शून्याच्या रेषेवर येऊन बसते. कारखान्यातल्या चांगल्या यंत्रांच्या कड्यांवर मंद, रेशमी क्रोम असतो तो याचमुळे. घरी क्रोम शक्य नसेल तर शेवटच्या बारीक कापेवरच थांबावे किंवा कडे काळे करून रेषांत पांढरा रंग भरावा. माझी पसंती दुसऱ्या प्रकाराला आहे, संध्याकाळच्या दिव्यात तो अधिक स्वच्छ वाचता येतो. लेखकाने आरशासारख्या कड्याचे कौतुक केले आहे ते, माझ्या मते, मुख्यतः छायाचित्राच्या दृष्टीने.

साधने काळी करण्याचा विषय लेखात एका वाक्यात उरकला आहे. पोलाद तापवून तेलात बुडवले की काळा रंग येतो हे खरे, पण त्याला अटी आहेत. स्वच्छ पोलाद तापत जाते तसे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळे आणि ३०० च्या जवळ निळे दिसते. हेच रंग पाणी दिलेले (तापवून एकदम थंड करून कठीण केलेले) पोलाद पुन्हा किती नरम झाले हेही सांगतात. त्यामुळे पाणी दिलेले आणि पिवळ्या रंगापर्यंतच उतरवलेले कापणारे टूल कोणी सुंदर निळे करायला गेला, तर त्याची धार त्याच क्षणी गेली. स्प्रिंग, मापाची साधने आणि अचूक बसणारे भागही असे तापवू नयेत, ते वाकतात. स्टॉपचा ठोकळा, टी-नट, आवळण्याच्या पट्ट्या यांना मात्र ही रीत उत्तम आहे. तेल लोखंडी डब्यात घ्यावे, डब्याचे घट्ट बसणारे लोखंडी झाकण हाताशी ठेवावे, जॉब लांब सांडशीने धरावा आणि काम उघड्यावर करावे. तेल भडकले तर झाकण टाकून ज्वाळा दाबायची असते, पाणी ओतायचे नसते. जस्ताचा मुलामा असलेले भंगार कधीही तापवू नये, कारण जस्ताच्या धुराने ताप आणि थंडी भरते. थंड द्रावणाने काळे करण्याचीही सोय असते. त्या द्रावणांत पुष्कळदा सेलेनियमची विषारी संयुगे असतात, म्हणून तिथे रबरी हातमोजे हवेत. लेथवर नकोत म्हणून सांगितलेले हातमोजे इथे मात्र सक्तीचे. जॉबवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तो ठसाच काळ्यात पांढरा उठतो. कोणत्याही रीतीने आलेला काळा थर अगदी पातळ, एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने माप बिघडत नाही, पण गंजही एकट्याने थांबत नाही. त्या थरात मुरलेले तेल गंज थांबवते, म्हणून काळे केलेल्या साधनाला तेलाचा हात देत राहावा लागतो.

एक गोष्ट मात्र सर्व साधनांना सारखीच लागू आहे आणि तिला फारसे कौशल्यही लागत नाही. प्रत्येक बाहेरच्या कडेला अर्धा मिलिमीटर, ४५ अंशांचा चॅम्फर द्यावा. जिथे लेथवर देता येत नाही तिथे कानशीने द्यावा. कानशीच्या दातांत कण अडकून जॉबवर खोल ओरखडे पडतात, त्यासाठी कानशीला आधी खडू चोळावा आणि वारंवार तारेच्या ब्रशने ती साफ करावी. सपाट बाजूंवर कानस आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढली तर मिलिंगच्या किंवा करवतीच्या आडव्या खुणा जातात आणि एकसारखी उभी रेघ येते. तेवढी सफाई मला पुरेशी वाटते. बफच्या (पॉलिश करायच्या कापडी) चाकावर धरलेला ठोकळा चमकतो खरा, पण त्याच्या कडा साबणाच्या वडीसारख्या ढळतात आणि भोकांची तोंडे लांबट होतात, आणि जाणकार माणूस त्या चमकेवरूनच ओळखतो की खाली सपाट असे काही उरलेले नाही.

आपण ही लेखमाला पुढे चालवणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. पुढील लेखांबरोबर आकृत्या छापाल तेव्हा त्यांत केवळ लांबी-रुंदी न देता कोणता पृष्ठभाग कशावर बसतो, कोणत्या दोन बाजू एकाच सेटिंगमध्ये करायच्या, कुठे चॅम्फर आणि कुठे आतली खाच हवी, कोणत्या भागाला एमरी लावायची नाही, एवढ्या खुणा लेखकाकडून अवश्य करून घ्याव्यात. फिरत्या जॉबभोवती कापड गुंडाळण्याची सूचना मात्र पुढच्या लेखापर्यंत थांबू नये. तिची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, मूळ मजकुराच्याच टाइपात छापावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
लेथकामाची आवड असलेला एक वाचक